हिरवं पाणी उकळून प्यावं का?

प्रश्न: ताई, आम्ही टोलेडोला राहतो, ओहायोमध्ये, अगदी ईरी लेकच्या जवळ. आई-बाबा आलेत भारतातून. लेकवर हिरवा तवंग आलाय आणि आई म्हणते नळाचं पाणी दहा मिनिटं खळखळून उकळ, काय असेल ते मरेल. बरोबर आहे का? आणि तवंगात विष आहे की नाही ते बघून कळतं का?

उत्तर: आईंचं जंतूंच्या बाबतीत अगदी बरोबर आहे, पण इथे ते लागू होत नाही. तो तवंग म्हणजे सायनोबॅक्टेरिया, निळं-हिरवं शेवाळ म्हणतो ना आपण ते, आणि त्यातलं मायक्रोसिस्टिन नावाचं विष लिव्हरवर जातं, ते उकळून मरत नाही कारण ते मुळात जिवंतच नाही. उलट पाणी आटतं, विष तेवढंच राहतं, म्हणजे पाणी जास्तच वाईट होतं! तुमच्याच गावात 2 ऑगस्ट 2014 ला पहाटे हेच सांगावं लागलं होतं, पिऊ नका आणि उकळूही नका, 4 लाखांहून जास्त लोक जवळजवळ तीन दिवस बाटलीच्या पाण्यावर होते.

बघून मात्र कळत नाही. त्याच शेवाळाच्या काही जाती विष करतात काही करत नाहीत आणि डोळ्याला दोन्ही सारख्याच. म्हणून टेस्ट. डब्ल्यूएचओची कायमच्या पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला 1 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे 10 हजार लिटरचे 100 टँकर उभे करा आणि सगळ्यात मिळून 1 ग्रॅम! अमेरिकेत 2015 पासून लहान बाळांसाठी सल्ला त्याहून कडक, 0.3.

हे एवढंसं पकडतात एलायझाने, म्हणजे रंगावरून विष मोजणाऱ्या लॅबमधल्या टेस्टने. आधी सँपल तीनदा गोठवून वितळवायचं, कारण बरंचसं विष पेशींच्या आत असतं, त्या फुटल्या नाहीत तर आकडा खोटा कमी येतो, आणि माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच. नळाचं पाणी असेल तर आधी त्यातलं क्लोरीन मारायचं, ते राहिलं तर बाटलीतल्या बाटलीत विष मोडत राहतं. मग 96 खळग्यांची प्लेट, त्यात रंग निळा चढतो, शेवटी अ‍ॅसिड घातलं की पिवळा होतो. नवीन मुलं हमखास गोंधळतात ते इथे, कारण पिवळा जितका फिका तितकं विष जास्त. नेमकं कुठलं मायक्रोसिस्टिन ते हवं असेल तर मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणारं यंत्र लागतं, पण ते महाग आणि वेळखाऊ, रोजचं काम एलायझावरच चालतं.

घरी करण्यासारखं एक आहे. ग्लोव्ह्ज घालून काचेच्या बरणीत लेकचं पाणी पाऊण भरा, झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये अजिबात न हलवता ठेवा, खाण्याच्या वस्तूंपासून लांब. सकाळी हिरवं वर तरंगत असेल तर बहुतेक सायनोबॅक्टेरिया, तळाशी बसलं तर बहुतेक साधं शेवाळ. विष आहे का ते यातून कळत नाही हं, फक्त संशय घ्यायचा की नाही तेवढं कळतं.

नळाचं पाणी प्लँटमध्ये तपासलं जातं, पालिकेची सूचना नसेल तर निर्धास्त प्या. सूचना आली की मात्र बाटलीचंच, बाळाच्या दुधालासुद्धा. आणि घरी कुत्रा असेल तर त्याला तवंगाजवळ सोडू नका, तो अंग चाटतो आणि सगळं पोटात जातं.