‘नावाने’ की ‘नावावरून’?

फोंड्याच्या एका संगणक-शिक्षिकेचा प्रश्न आहे. बारावीच्या मुलांसाठी त्या मराठीत टिपणं काढतायत आणि एका मथळ्यापाशी अडल्यात: ऑब्जेक्टच्या (प्रोग्रॅममधल्या वस्तूच्या) मेथड, म्हणजे तिला करता येणारी कामं, आणि प्रॉपर्टी, म्हणजे तिच्याजवळची माहिती, ‘डायनॅमिकली, बाय नेम’ कॉल करणे. यंत्राकडून त्यांना मिळालेलं भाषांतर असं: ‘वस्तूच्या पद्धती आणि मालमत्ता नावाने गतिमानपणे बोलावणे’.

मालमत्ता आधी निकालात काढू. गोव्यात मालमत्ता म्हटली की जमिनीचा एक-चौदाचा उतारा डोळ्यांपुढे येतो. ऑब्जेक्टला असतात ते गुणधर्म. मेथड मात्र मेथडच राहू द्या, मुलं तेच म्हणतात.

खरा घोळ ‘गतिमान’मध्ये आहे. इथल्या डायनॅमिकचा वेगाशी काडीचा संबंध नाही. उलट असा कॉल सहसा साध्या कॉलपेक्षा हळूच चालतो. कुठली मेथड लागणार हे कोड लिहिताना ठाऊक नसतं, प्रोग्रॅम चालताना कळतं, एवढंच सांगायचंय. त्यासाठी ‘आयत्या वेळी’ हा आपला रोजचा शब्द आहे. देवळाच्या उत्सवात नाट्यगीतांची बैठक रंगली की श्रोत्यांतून फर्माईशीची चिठ्ठी जाते. गायकानं ठरवून आणलेलं पद वेगळं, चिठ्ठी उघडल्यावर कळलेलं वेगळं.

आता ‘नावाने’. पायथन ३ या प्रोग्रॅमिंग भाषेला देवनागरी नावं चालतात, म्हणून उदाहरण मराठीतच घेऊ. ‘विद्यार्थी.गुण’ असं लिहिलं तर तेही नावानेच झालं की! फरक असा, की तिथे नाव कोडमध्येच कोरलेलं आहे. याउलट ‘हवं’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये (किंमत साठवायच्या कप्प्यात) कुणी टाइप केलेली "गुण" ही अक्षरं आली असतील, तर ‘गेटअ‍ॅटर(विद्यार्थी, हवं)’ असं लिहावं लागतं (गेटअ‍ॅटर मात्र रोमनमध्ये). जावास्क्रिप्टमध्ये हेच काम चौकटी कंसात होतं: ‘विद्यार्थी[हवं]’. म्हणजे हातात नुसती अक्षरं असतात आणि त्यांवरून गुणधर्म किंवा मेथड शोधायची असते. मराठीत नावावरून माणूस शोधतात, नावाने शंख करतात. तेव्हा ‘नावावरून’.

राहिलं ‘बोलावणे’. गुणधर्म कॉल होतच नाही, तो वाचतात किंवा बदलतात. बदलण्यासाठी पायथनमध्ये सेटअ‍ॅटर आहे. मेथडच्या बाबतीत तर दोन पायऱ्या आहेत. गेटअ‍ॅटर मेथड फक्त शोधून हातात देतं, पुढे गोल कंस जोडले तरच ती चालते. मुलं नेमके हे कंस विसरतात, आणि ‘बोलावणे’ या क्रियापदानं तर दोन्ही पायऱ्या एकच वाटतात. म्हणून मी लिहीन: ‘आयत्या वेळी मिळालेल्या नावावरून मेथड चालवणे, गुणधर्म वाचणे व बदलणे’. मथळा लांबतो, लांबू दे.

चिठ्ठीतलं पद गायकाला येत नसलं तर? पायथन अ‍ॅट्रिब्यूटएरर देऊन थांबतो. गेटअ‍ॅटरला तिसरी किंमत देऊन ठेवली असेल तर ती परत करतो. जावास्क्रिप्ट गुपचूप ‘अनडिफाइन्ड’ हातात ठेवते आणि त्यापुढे कंस जोडले की मग टाइपएरर येतो. चिठ्ठी कुणाचीही असू शकते, म्हणून बाहेरून आलेलं नाव आधी परवानगीच्या यादीशी ताडून पाहावं, ही ओळ टिपणांत जरूर घाला. रूबी भाषेतलं, नावावरून मेथड चालवणारं ‘सेंड’ तर खासगी (फक्त ऑब्जेक्टच्या आतून वापरायच्या) मेथडही बिनदिक्कत चालवतं. खासगी मेथडना मज्जाव हवा असेल तर ‘पब्लिक_सेंड’ वापरतात.

‘इन्व्होक’साठी (म्हणजे मेथड चालवण्यासाठी) ‘आवाहन’ कसं, असंही त्यांनी विचारलंय. शब्द चांगला आहे, पण गणपतीच्या पूजेतलं आवाहन आणि समोरच्याला दिलेलं आव्हान यांत आपली वर्तमानपत्रंही गफलत करतात. मुलांच्या वहीत दोन दिवसांत त्याचं आव्हान होईल.