समुद्राकाठच्या घरात कपाटांना काय वापरावं: सागवान, प्लाय की एमडीएफ?

तुमचं घर गुहागरला समुद्राजवळ, सुतार सागवान म्हणतोय, दुकानदार एमडीएफ (लाकडाचा बारीक भुसा गोंदात दाबून केलेला बोर्ड) गळ्यात मारतोय आणि परसात पडलेल्या फणसाच्या झाडाचं लाकूड वापरता येईल का, असं तुम्ही विचारलंय. माझं रत्नागिरीत फर्निचरचंच काम आहे.

ओट्याखाली एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड (लाकडाचे जाडसर कण दाबून केलेला) अजिबात नको. सिंकच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकातून पाणी शिरलं की बोर्ड चहात बुडवलेल्या बटरसारखा फुगतो, सुकला तरी परत बसत नाही. मग बिजागरीचा स्क्रू काय धरणार? बेडरूममध्ये रंग मारायच्या दारांना एमडीएफ चालेल. पृष्ठभाग गुळगुळीत मिळतो. फक्त पावसाची झड खाणाऱ्या भिंतीला टेकवू नका.

ओट्याखाली प्लायच घ्या. त्यात पातळ थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले असतात, म्हणून तो फारसा फुगत-आकसत नाही. पण सगळी मदार गोंदावर. ‘मरीन’ हा शब्द दुकानात कशालाही चिकटवतात. शीटवर आयएसआय मार्क आणि ‘आयएस ७१०’ (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा क्रमांक) आहे का बघा. या दर्जाच्या प्लायचा तुकडा ७२ तास उकळला तरी थर सुटता कामा नयेत. बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा, पण खालच्या दर्जाचा प्लाय) याची परीक्षा त्याहून सौम्य असते. तरी शंका आली तर तुकडा मागून आणा, जुन्या पातेल्यात दोन-तीन तास उकळा आणि कडेला नख घालून बघा. नख आत गेलं तर माल परत. कापलेली प्रत्येक कड, पाइपचं भोकसुद्धा, सील करून घ्या. सुतार नेमका तिथेच कंटाळा करतात.

सागाबद्दल एवढंच: कोवळ्या सागात कडेचा पांढरा भाग जास्त असतो, त्याला कीड लागते. गाभ्याचे पैसे देऊन तो घेऊ नका.

फणस मात्र सोडू नका! त्याच्या पिवळ्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही आणि वर्षं जातील तसा रंग तांबूस-तपकिरी होतो. फळ्या काढल्या की मध्ये पट्ट्या घालून सावलीत, वाऱ्यावर रचा. इंचाच्या फळीला वर्षभर तरी द्या. घाई करून ओल्या फळीचं दार केलंत तर ते शिमग्याला फटी दाखवतं आणि गणपतीत चौकटीत अडकतं.

स्क्रू, बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या. खाऱ्या हवेत साधं लोखंड गंजतं आणि फणसावर काळे डाग उतरतात.