खोट्या फिर्यादीला उत्तर देण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. जुन्या भागीदाराने तुझ्यावर फसवणुकीची फिर्याद दिली आणि तुला आता लगेच उलट तक्रार द्यायची आहे. तुझा संताप रास्त आहे, पण एवढी घाई करू नकोस. आज दिलेली तक्रार पोलिसांना सूडाचीच वाटेल, आणि रागाच्या भरात लिहिलेलं एखादं वाक्य उद्या उलटतपासणीत तुझ्याच अंगावर येईल.

आधी नेमकं काय नोंदलंय ते बघ. एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) असेल, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. गुन्हा दाखल असेल, तर एफआयआरची प्रत काढून कलमं वाच. भारतीय न्याय संहितेच्या ३१८(४) ला, म्हणजे फसवणुकीच्या कलमाला, कमाल शिक्षा सात वर्षं आहे, आणि अशा गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलंय. म्हणजे बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस येईल. ती टाळायची नाही. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला अटक करायची, तर पोलिसांना कारणं नोंदवावी लागतात. गैरहजर राहिलास तर ते कारण तूच त्यांच्या हाती देशील. तरीही अटकेची धास्ती वाटत असेल, तर त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज कर. (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. १ जुलै २०२४ पासून ते नव्या संहितेच्या ५२८ मध्ये आहेत. जुने लेख वाचताना इथेच गल्लत होते.)

सगळ्यात जास्त कष्ट पुराव्यावर घे. खरं असेल ते आपोआप बाहेर येईल, या भरवशावर राहू नकोस. फिर्यादीची बाजू तपास अधिकाऱ्याच्या फाइलमध्ये आहे, तुझी अजून नाही. फोन फॉरमॅट करू नकोस, विकू नकोस. ज्या चॅटमध्ये त्याने पैसे मिळाल्याचं कबूल केलंय, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत जप. सोयीचा तेवढा स्क्रीनशॉट कोर्टात संशयच वाढवतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, हे वकिलाला आठवणीने विचार. बँकेचा उतारा घे आणि तारीखवार तक्ता कर: कोणत्या दिवशी किती रक्कम, कशासाठी, कोणाच्या खात्यात. त्यावरून लेखी निवेदन तयार होईल. वकिलाने वाचल्यावरच ते ठाण्यात दे आणि पोच घे. जबाबाच्या वेळी स्वतःला गुंतवणारं उत्तर देण्याची सक्ती तुझ्यावर नाही. राज्यघटनेच्या २०(३) चं ते संरक्षण आहे. आणि तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते.

फिर्यादीला फोन करू नकोस, त्याच्या घरीही जाऊ नकोस. समजूत घालायला गेलेला माणूस धमकीच्या दुसऱ्या गुन्ह्यात अडकलेला मी पाहिलाय.

एफआयआर रद्द करायला उच्च न्यायालयात जाता येतं. फिर्याद जशीच्या तशी खरी मानूनही गुन्हा बनत नसेल, किंवा ती उघड आकसाची असेल, तर ती रद्द होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९० च्या भजनलाल निकालापासून रुळलेलं आहे. पण कोण खरं बोलतंय हे तिथे सहसा तोललं जात नाही. फिर्याद हुशारीने लिहिलेली असेल, तर मी एवढ्या एकाच वाटेवर विसंबणार नाही.

आता तुझ्या उलट तक्रारीबद्दल. तपासात फिर्याद द्वेषाने खोटी दिल्याचं दिसलं, तर आपल्याकडे पोलीस कोर्टाला बी समरी (प्रकरण बंद करण्याचा अहवाल) पाठवतात. वाद दिवाणी निघाला, तर सी समरी. हा फरक तुझ्यासाठी मोठा आहे. न्याय संहितेच्या कलम २४८ खाली खोट्या आरोपाला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत, पण आरोप खोटा आहे हे माहीत असून, इजा करण्याच्या हेतूने केला, हे सिद्ध करावं लागतं. नुसतं निर्दोष सुटणं त्याला पुरत नाही. बी समरी कोर्टाने मंजूर केली, तर त्या आदेशाची प्रमाणित प्रत तुझ्या हातातलं सगळ्यात भक्कम कागदपत्र असेल. कलम २१७ ची, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याला खोटी माहिती दिल्याची, तक्रार तर तुला स्वतःला करताच येत नाही. ती संबंधित अधिकाऱ्यानेच करायची असते. बदनामीचा दावा मात्र तुझा तू लावू शकतोस.

एफआयआरची प्रत आणि तो तक्ता मला पाठव. वकिलाकडे जाण्याआधी एकदा नजरेखालून घालतो.