'दृक्प्रत्ययवाद'मधला प्रत्यय कोणता?

प्रश्न असा आलाय : इम्प्रेशनिझम या फ्रेंच चित्रकलेतल्या प्रवाहाला मराठीत 'दृक्प्रत्ययवाद' म्हणतात, त्यात व्याकरणातला प्रत्यय कुठून घुसला? इम्प्रेशन म्हणजे ठसा, मग सरळ 'ठसावाद' का नाही?

व्याकरणाचा इथे काही संबंध नाही. 'त्याच्या लबाडीचा प्रत्यय आला' असं म्हणतो ना, तो हा प्रत्यय. प्रचीती, जातीने घेतलेला अनुभव. 'दृक्' म्हणजे दृष्टी. 'दृग्गोचर'मध्ये त्याच 'क्'चा 'ग्' होतो; इथे पुढे 'प' असल्याने तो तसाच राहतो. थोडक्यात, डोळ्यांना जसं प्रतीत झालं तसंच रंगवायचं.

'ठसा' का नको, ते मूळ चित्र पाहिलं की कळतं. क्लोद मोने या चित्रकाराने (एदुआर माने हा वेगळा चित्रकार, १८६५ साली मोनेच्या चित्रांबद्दल लोक मानेचंच अभिनंदन करत होते आणि तो वैतागला होता) १८७२ची तारीख घालून ल हाव्र बंदरातली धुकट सकाळ रंगवली. १८७४च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनासाठी नाव विचारलं, तेव्हा याला बंदराचं चित्र म्हणवेना, म्हणून त्याने सांगितलं, 'इम्प्रेशन' लिहा. त्यातला केशरी सूर्य बघा. मोबाइलवर चित्र उघडून रंग काढून टाका, सूर्य जवळपास नाहीसा होतो! कारण तो भोवतालच्या आभाळाहून फारसा उजळ नाहीच. निळसर करड्यावर केशरी ठेवल्यामुळे तो पेटलेला दिसतो, एवढंच. ठसा मागाहून उरतो. इथे तर बघणं अजून चालूच आहे. म्हणून 'प्रत्यय' मला नेमका वाटतो, आणि 'दृक्' जोडून मराठीने मूळ शब्दात नसलेला डोळाही त्यात आणला.

पण एक गोष्ट हातची गेली : कुचेष्टा. चित्रकारांच्या बोलीत 'इम्प्रेशन' म्हणजे झटपट टिपलेलं, पुरं न केलेलं काम. 'ल शारिव्हारी' या पॅरिसच्या व्यंगपत्रात लुई लरुआने तेच पकडून लिहिलं की, कच्च्या अवस्थेतला वॉलपेपरसुद्धा या समुद्रचित्रापेक्षा जास्त पुरा झालेला असतो. प्रदर्शनातल्या या मंडळींना 'इम्प्रेशनिस्ट' म्हणून त्याने खिल्ली उडवली, आणि १८७७ साली त्यांनी तेच नाव स्वतःच्या प्रदर्शनाला लावलं. आपला शब्द मात्र सोवळं नेसून बसल्यासारखा गंभीर. शिवाय 'वाद' म्हटलं की जाहीरनामा डोळ्यांपुढे येतो, तो या लोकांकडे नव्हताच. त्यांच्यातल्याच, स्टुडिओत बसून काम करणाऱ्या देगाला तर हे नावच पसंत नव्हतं.

मोनेला मात्र शब्द फिट्ट बसतो. नळीतले रंग मिळू लागल्यामुळे चित्रं उघड्यावर नेऊन पुरी करणं सोपं झालं होतं. त्याने सावल्यांतला काळा-तपकिरी काढून निळा-जांभळा आणला. पुढे एकाच विषयावर उजेड बदलेल तसा कॅनव्हास बदलत गेला. १८९१ साली चित्रविक्रेत्या द्युरां-र्‍युएलच्या गॅलरीत धान्याच्या गंजींची पंधरा चित्रं एकत्र लागली. गंजींच्या या मालिकेतलं एक चित्र पुढे मॉस्कोत कांडिन्स्कीने पाहिलं आणि ती गंजी आहे हे त्याला कॅटलॉग वाचून कळलं. विषय ओळखू आला नाही तरी चित्र मनातून जाईना, याचा त्याला धक्का बसला. पुढे अमूर्त चित्रकलेत त्याचं नाव झालं.

हिंदीतला 'प्रभाववाद' मराठीत आणू नये, असं माझं मत. आपल्याकडे 'प्रभाव' म्हटलं की कुणाची तरी छाप पडलेली वाटते, आणि या चित्रांवर कुणाची छाप, असा भलताच प्रश्न उभा राहतो. लेखात पहिल्यांदा 'दृक्प्रत्ययवाद' लिहून शेजारी 'इम्प्रेशनिझम' द्यावं, बोलताना खुशाल इम्प्रेशनिझमच म्हणावं. सेझान, व्हॅन गॉग वगैरेंसाठी 'उत्तर-दृक्प्रत्ययवाद' आहे. तिथला 'उत्तर' म्हणजे 'नंतरचा', दिशा नव्हे.