ट्रेलरमधला विनोद गेला कुठे?

प्रश्न : ताई, भावाच्या आग्रहामुळे ‘अँकरमन’ (2004) हा टीव्हीवर बातम्या देणाऱ्यांवरचा अमेरिकी विनोदी सिनेमा पाहिला. आधी ट्रेलर पाहून आम्ही दोघं लोळून हसलो होतो. सिनेमा पाहताना मात्र मी अर्धा वेळ ट्रेलरमधल्या जागांची वाट पाहत बसले. काही आल्या, पण शब्द वेगळे. काही आल्याच नाहीत. भाऊ म्हणतो, असल्या सिनेमात नट तोंडाला येईल ते बोलतात, मग असं होणारच. हा सिनेमा ट्रेलरला जागतो असं तुम्हाला वाटतं का?

उत्तर : मत आधी सांगते, कारणं मागाहून. जागतो. पण ट्रेलरने जिथे बोट ठेवलं होतं तिथे नाही, त्याच्या आजूबाजूला.

भावाचं म्हणणं निम्मं खरं आहे. या सिनेमाची पटकथा विल फेरेल आणि दिग्दर्शक अ‍ॅडम मॅकाय यांनी रीतसर लिहिलेली होती. चित्रीकरणाच्या वेळी आधी लिहिल्याबरहुकूम टेक घ्यायचे, ते पदरात पडले की नटांना मोकळं सोडायचं, अशी या मंडळींची पद्धत. मॅकाय कॅमेऱ्यामागून ओरडून नवं वाक्य फेकतो, नट ते तिथल्या तिथे झेलतो आणि वर स्वतःचं काहीतरी चिकटवतो. मॅकाय, ब्रिक झालेला स्टीव्ह करेल, चॅम्प झालेला डेव्हिड केक्नर हे सगळे शिकागोच्या ‘सेकंड सिटी’ या 1959 साली सुरू झालेल्या विनोदी रंगमंचावर घडलेले. तिथल्या तालमीचा पाया एवढाच, की समोरचा जे बोलला ते खोडायचं नाही. खरं धरायचं आणि पुढे न्यायचं.

दिव्याचा प्रसंग आठवा. ऑफिसात प्रेमाबद्दल बोलणं चाललंय आणि हवामानवाला ब्रिक समोर दिसेल त्या वस्तूवर आपलं प्रेम असल्याचं जाहीर करत सुटतो. शेवटी गाडी दिव्यावर येते. ट्रेलर कापणारा इथे दिव्याचं वाक्य उचलेल आणि पुढे पळेल. पण मला हसू येतं ते रॉनचं, म्हणजे फेरेलने केलेल्या मुख्य वृत्तनिवेदकाचं. तो खेकसत नाही, खिल्ली उडवत नाही. पोराची काळजी वाटावी तशा गंभीरपणे चौकशी करतो, की हे प्रेम खरं आहे, की नुसता दिवा दिसला म्हणून बोलतोयस? ब्रिक इतका कावराबावरा होतो की आपल्याला त्या दिव्याचीच दया यावी. ही चौकशी काही सेकंद चालते. ट्रेलरला मिळतात जेमतेम अडीच मिनिटं, त्यात हे सेकंद परवडत नाहीत.

मी काही काळ प्रोमो कापायचं काम केलंय, त्यामुळे हे आतून माहीत आहे. चांगला पंच, म्हणजे हशा पिकवणारं वाक्य, मिळाला की त्याच्या आधीची शांतता काढायची, नंतरची काढायची, संगीत खाडकन थांबवायचं, वाक्य वाजवायचं आणि संगीत पुन्हा सुरू. हुकमी हशा. आमच्या हातात सिनेमा नसायचा, रशेस, म्हणजे चित्रीकरणाचे न कापलेले तुकडे, असायच्या. संकलक आपल्या खोलीत सिनेमा जुळवतोय, आम्ही आमच्या खोलीत ट्रेलर, आणि दोघांपुढे एकाच वाक्याचे पाच-सहा वेगवेगळे अवतार. त्याला एक आवडतो, आम्हाला दुसरा. शिवाय अमेरिकेत सर्व वयाच्या प्रेक्षकांपुढे लावायचा ट्रेलर सोवळा असावा लागतो, म्हणून वात्रट टेक बाजूला ठेवून सभ्य टेक शोधला जातो. तुम्हाला शब्द बदललेले वाटले ते उगाच नाही.

आणि ज्या जागा आल्याच नाहीत, त्यांचीही गोष्ट आहे. ‘अँकरमन’च्या आधीच्या जुळणीत बँक लुटणाऱ्या एका क्रांतिकारी टोळीचं अख्खं उपकथानक होतं. चाचणी खेळांत ते प्रेक्षकांच्या गळी उतरलं नाही, तेव्हा ते उपटून काढलं आणि काही भाग नव्याने चित्रित केला. उरलेल्या मालातून आणि पर्यायी टेक्समधून ‘वेक अप, रॉन बर्गंडी’ नावाचा दुसरा सिनेमा उभा राहिला आणि 2004 मध्येच डीव्हीडीवर आला. भावाला तो जरूर दाखवा. सुटे विनोद त्यातही बरे आहेत, पण तासाभरात माणूस कंटाळतो. उपकथानक का कापलं, ते कुणी न सांगता कळतं.

शितावरून भाताची परीक्षा करावी, पण शीत निवडून दिलेलं असेल तर काय घ्या! ‘यस्टर्डे’ (2019) या सिनेमाच्या ट्रेलरमध्ये दिसलेली अभिनेत्री प्रत्यक्ष सिनेमातून कापली गेली, म्हणून अमेरिकेत दोन प्रेक्षक थेट न्यायालयात गेले. 2022 मध्ये न्यायाधीशांनी ट्रेलर ही जाहिरातच आहे असं म्हणून खटला पुढे जाऊ दिला, नंतर तो फेटाळला गेला. एका हुकलेल्या विनोदासाठी मात्र तुम्ही वकील गाठू नका.

प्रश्न : ऐनवेळी सुचलेलं सगळंच चांगलं कसं असेल? मला तर असे सिनेमे पाहताना काही ठिकाणी वाटतं, की नट आपसात मजा करताहेत आणि आपण बाहेर उभे आहोत.

उत्तर : अगदी बरोबर वाटतं. हा या प्रकाराचा खरा रोग आहे, आणि तो डोळ्यांनी पकडता येतो. दोघं बोलताहेत. पडद्यावर एकदा याचा चेहरा, एकदा त्याचा, पुन्हा याचा. दोघं एका चौकटीत कधीच नाहीत. अशा वेळी खुशाल समजा, की संकलकाने वेगवेगळ्या टेक्समधली वाक्यं ओळीने लावली आहेत. याचा टोमणा सकाळचा, त्याचं उत्तर जेवणानंतरचं. एक जण म्हणतो, दुसरा त्याहून वरचढ म्हणतो, तिसरा त्याच्याही वर, आणि प्रसंग मात्र जागचा हलत नाही. एका पात्राला अपमान करायला उभं केलंय आणि तो दहा प्रकारे एकच अपमान करतोय, हे तर इतकं चालतं की विचारू नका.

यावर उपाय आहे आणि जाणकार दिग्दर्शक तो करतात. दोन कॅमेरे एकाच वेळी दोन्ही नटांवर लावायचे. ऐनवेळी निसटलेलं वाक्य पुन्हा तसंच येत नाही, आणि ते ऐकून समोरच्याचा चेहरा जो पडतो तो तर अजिबातच नाही. दोन कॅमेरे असले की बोलणं आणि ऐकणं एकाच क्षणाचं मिळतं. ‘अँकरमन’मध्ये रॉनची सहनिवेदिका झालेल्या क्रिस्टिना अ‍ॅपलगेटकडे लक्ष ठेवून सिनेमा पुन्हा पाहा. रॉन आणि त्याचे तिघे साथीदार बेताल सुटलेले असताना ती ऐकते, आणि तिच्या ऐकण्यामुळे त्यांचा मूर्खपणा खरा वाटतो. ट्रेलर तिच्या या कामाची दखलही घेऊ शकत नाही, कारण ते सगळं गप्प राहून केलेलं आहे.

बाहेर उभं न राहता आत शिरायचं असेल तर क्रिस्टोफर गेस्टचा ‘बेस्ट इन शो’ (2000) बघा. कुत्र्यांच्या स्पर्धेत उतरलेल्या मालकांची गोष्ट. तिथे प्रसंगांचा आराखडा आणि पात्रांचा पूर्वेतिहास लिहिलेला होता, संवाद जवळपास सगळे नटांचे. पण प्रत्येकाला स्वतःच्या कुत्र्याची खरोखर चिंता आहे, त्यामुळे कुणी विनोद करायला बसलेलं वाटत नाही. ट्रेलरपुरतं पाहिलंत तर तो बेताचा वाटेल. पूर्ण पाहा.

प्रश्न : ‘अँकरमन 2’ ची जास्त लांबीची आवृत्ती आहे म्हणे. आधी कोणती पाहू?

उत्तर : 2013 ची मूळची. 2014 मध्ये आणलेल्या मोठ्या आवृत्तीची जाहिरातच मुळी ‘763 नवे विनोद’ अशी होती. कथा तीच ठेवून वाक्यं बदलली, शिवाय काही प्रसंग वाढवले. मूळ सिनेमा डोक्यात ताजा असेल तरच तिची गंमत येते. कुठल्या जागी काय बदललं ते हेरता येतं. एरवी ती नुसती लांब आहे.