साखर आटोक्यात असूनही रक्तवाहिन्यांचा दाह का होतो आणि त्यावर वेगळी गोळी घ्यावी का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांना बऱ्याच वर्षांपासून दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आहे, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ७ टक्क्यांच्या आसपास असते, तरीही हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी (शरीरातील दाह दाखवणाऱ्या रक्तातील प्रथिनाची तपासणी) ४ आली आणि पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचे निदान झाले, साखर ठीक असताना हे कसे घडले आणि दाह (इन्फ्लमेशन, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींची सतत चालू राहणारी प्रतिक्रिया) कमी करणाऱ्या गोळ्या सुरू कराव्यात का? मी मधुमेहाच्या रुग्णांवर उपचार करतो. साखरेचा आकडा चांगला आहे म्हणून निर्धास्त राहिलेली आणि पायाची जखम चिघळल्यावरच आलेली माणसे मला वारंवार भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धमनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. हा थर नायट्रिक ऑक्साईड तयार करतो आणि त्यामुळे धमनी सैल राहते, रक्तातल्या पेशी भिंतीला चिकटत नाहीत व गुठळी होत नाही. (या वायूचे रक्ताभिसरणातील कार्य शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) रक्तातील साखर वाढली की या पेशींना ती आत येण्यापासून पुरेशी रोखता येत नाही. आत साचलेल्या साखरेमुळे घातक ऑक्सिजन-संयुगे तयार होतात, ती नायट्रिक ऑक्साईड नष्ट करतात आणि पेशी पृष्ठभागावर असे रेणू मांडू लागतात, ज्यांना पांढऱ्या पेशी येऊन चिकटतात. त्या पेशी भिंतीत शिरून तिथे अडकलेले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल गिळतात, फुगतात, मरतात आणि आणखी पेशींना बोलावणारी रसायने सोडतात. साठा वाढत जातो, त्यावरचे तंतुमय आवरण याच दाहाने झिजते आणि ते फाटले की काही मिनिटांत गुठळी होते. हृदयविकाराचा झटका बहुतेक वेळा असाच येतो.

दाहाचा दुसरा उगम पोटातल्या चरबीत आहे, आणि माझ्या मते लोक नेमके त्याकडेच दुर्लक्ष करतात. आतड्यांभोवती साठलेल्या चरबीत रोगप्रतिकारक पेशी जमतात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ यांसारखे संदेशवाहक रक्तात सोडतात. त्यांमुळे इन्सुलिनचा परिणाम मंदावतो आणि यकृत सीआरपी तयार करू लागते. ही प्रक्रिया मधुमेहाचे निदान होण्याच्या कित्येक वर्षे आधी सुरू झालेली असते; म्हणूनच काही जणांच्या धमन्या निदानाच्या दिवशीच खराब झालेल्या आढळतात. वडिलांच्या धमन्यांवरही साखरेखेरीज रक्तदाब, कोलेस्टेरॉल, पोटाची चरबी आणि तंबाखूची सवय असल्यास ती, या सगळ्यांचा भार इतकी वर्षे पडत आला असणार.

१९९८ मध्ये ब्रिटनमधील ‘यूकेपीडीएस’ अभ्यासाने दाखवले की साखरेच्या कडक नियंत्रणाने डोळे व मूत्रपिंडांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना निश्चित फायदा होतो. मात्र हृदयविकारातील घट त्या वेळी निर्विवाद ठरली नाही. २००८ मध्ये ‘अकॉर्ड’ चाचणीत साखर फार आक्रमकपणे खाली आणणाऱ्या गटात मृत्यू वाढल्याने तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला. याउलट डेन्मार्कमधील ‘स्टेनो-२’ मध्ये केवळ १६० रुग्ण होते, परंतु त्यांच्यापैकी ज्यांच्या साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि जीवनशैली या सर्वांवर एकत्र काम झाले, त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांचे गंभीर प्रसंग जवळजवळ निम्म्याने घटले.

सीआरपी ३ पेक्षा जास्त असणे हे वाढलेल्या जोखमीचे लक्षण मानतात, पण सर्दी, हिरड्यांचा आजार किंवा पायाची जखम यांनीही ती वाढते, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावी. १० च्या वर गेल्यास आधी संसर्ग शोधावा.

आता गोळ्यांविषयी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या यासाठी कृपया देऊ नका. त्या धमन्यांतील या दाहावरचा उपाय नाहीत; उलट मूत्रपिंडांना इजा करतात, रक्तदाब वाढवतात आणि हृदयविकाराची जोखीमही वाढवतात. दाहावर थेट घाव घालण्याचा विचार निराधार नाही: २०१७ च्या ‘कँटॉस’ चाचणीत कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनने कोलेस्टेरॉल न बदलता, आधी झटका येऊन गेलेल्यांतील पुढचे गंभीर प्रसंग सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले, परंतु प्राणघातक संसर्ग वाढले. नंतर मधुमेह किंवा मेटाबॉलिक सिंड्रोम (पोटाची चरबी, रक्तदाब, साखर असे दोष एकत्र असणे) असलेल्या हृदयरुग्णांना मेथोट्रेक्सेट हे दाह दाबणारे औषध देऊन पाहिले, त्याचा काहीच उपयोग झाला नाही. कमी मात्रेतील कोल्चिसिन या दाह कमी करणाऱ्या गोळीने हृदयरुग्णांच्या काही चाचण्यांत फायदा दाखवला, तर २०२४ च्या एका मोठ्या चाचणीत दाखवला नाही. शिवाय मूत्रपिंडे कमजोर असल्यास ते धोकादायक ठरते. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचाच असावा.

वडिलांसाठी आज सर्वात महत्त्वाचे औषध स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी आहे, कारण ते एलडीएलबरोबर सीआरपीही कमी करते. ते सुरू आहे का आणि मात्रा पुरेशी आहे का, हे प्रथम विचारा. तंबाखू कोणत्याही स्वरूपात असेल तर ती बंद झालीच पाहिजे. पायावर जखम नसेल, तर पोटऱ्या दुखेपर्यंत चालणे, थांबणे आणि पुन्हा चालणे हा डॉक्टरांच्या देखरेखीखालील व्यायाम पायाच्या आजारात खरोखर गुणकारी आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्राइड’ चाचणीत सेमाग्लुटाइड या मधुमेहावरील औषधाने अशाच रुग्णांचे चालण्याचे अंतर वाढल्याचे दिसले. त्याविषयीही चर्चा करता येईल.

पायाच्या तपासणीत एक गोष्ट मी स्वतः नेहमी पाहतो. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून येणारा आकडा ०.९ किंवा त्याहून कमी असेल, तर धमनी अरुंद झाली आहे असे समजतात. परंतु दीर्घकाळच्या मधुमेहात भिंतीत कॅल्शियम साचून धमनी इतकी कडक होते की पट्ट्याने ती दाबलीच जात नाही आणि आकडा खोटा चांगला येतो. वडिलांच्या अहवालात तो १.४ पेक्षा जास्त असेल, तर पायाच्या अंगठ्यातील रक्तदाब मोजून घ्या. संवेदना कमी झालेल्या पायाला जखम दुखत नाही, म्हणून तळवे आणि बोटांमधली जागा रोज कोणीतरी डोळ्यांनी पाहावी. काळपट डाग, न भरणारी चीर किंवा विश्रांतीतही दुखणारे पाऊल दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.