वाचक विचारतात : गोतावळा, धबधबे आणि क्विल्टची दुकानं

प्रश्न : आम्ही शिकागोला, मोठे दीर न्यू जर्सीला, नणंद कोलंबसला. जुलैत पाच दिवस सगळे ओहायोत एकत्र जमणार आहोत. सासूबाई भारतातून आल्या आहेत. गोधड्या शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, म्हणून त्यांना आमिश (वीज आणि मोटारींपासून दूर, जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) बायकांची क्विल्टची, म्हणजे तिकडच्या गोधड्यांची, दुकानं दाखवायची आहेत. मुलांना धबधबे हवेत. क्रम कसा लावावा?

उत्तर : सगळा बेत रविवारभोवती बांधा. होम्स काउंटीतली आमिश मंडळींची दुकानं रविवारी बंद असतात, आणि तिथे जाणाऱ्यांची सगळ्यात जास्त फजिती इथेच होते. म्हणून शुक्रवार आणि शनिवारची सकाळ दुकानांसाठी, रविवार ओहायोतल्याच हॉकिंग हिल्स या डोंगराळ उद्यानातल्या धबधब्यांसाठी. उलटं केलंत तर सासूबाईंना बंद दारं बघावी लागतील.

दुसरं म्हणजे कोलंबसला जमू नका, थेट होम्स काउंटीतल्या बर्लिन गावी जमा. शिकागोहून ते साधारण साडेसहा तास, न्यू जर्सीहून सात-साडेसात, कोलंबसहून पावणेदोन. शिकागोकरांनी एक तास हरवतो हे धरून चालावं. सकाळी आठला निघालात की ओहायोत तेव्हा नऊ वाजलेले असतात. जेवण आणि दोन थांबे धरून पोहोचायला पावणेपाच होतात आणि बरीच दुकानं पाचला मिटतात. गुरुवारी दुकान ठेवूच नका. त्या संध्याकाळी फक्त भेटीगाठी आणि जेवण.

शुक्रवारी बर्लिन आणि जवळचं चार्म गाव. चार्मच्या मिलर्स ड्राय गुड्समध्ये ताग्यांचं कापड आणि तयार क्विल्ट दोन्ही मिळतं. ज्यांना कापडात रस नाही त्यांना बर्लिनमधल्या आमिश-मेनोनाइट हेरिटेज सेंटरमध्ये पाठवा. तिथे २६५ फूट लांबीचं गोलाकार चित्र आहे, त्यात या लोकांचा सगळा इतिहास रंगवलेला आहे. घराला जोडलेल्या लहान दुकानांत वीज नसते आणि कार्डही चालेलच असं नाही, त्यामुळे रोख पैसे जवळ असू द्या. गॅसबत्तीच्या उजेडात रंग फसवतो. निळा आणि जांभळा तर हमखास. कापड दाराशी नेऊन बघायला लाजू नका. माणसांचे, विशेषतः चेहरे दिसतील असे, फोटो काढू नका. त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे.

गाडी चालवणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. तिथल्या रस्त्यांना सारखे चढउतार आहेत आणि चढापलीकडे घोडागाडी असू शकते. तुमचा वेग ताशी ५५ मैल आणि घोडागाडीचा ५ मैल असेल, तर ५०० फुटांचं अंतर सात सेकंदांत संपतं. चढाच्या माथ्यावर वेग आधीच कमी करा, मागून हॉर्न वाजवू नका (घोडा बिथरतो), आणि पुढचा रस्ता स्वच्छ दिसल्याशिवाय घोडागाडीला मागे टाकू नका. भावंडं गाड्या बदलून बसायचा हट्ट धरतील. चार वर्षांखालच्या किंवा चाळीस पौंडांहून कमी वजनाच्या मुलाला ओहायोत कार सीट लागते. त्यापुढे आठ वर्षांपर्यंत, उंची चार फूट नऊ इंच होईतो, बूस्टर लागतो. मूल हललं की सीटही हलवा.

प्रश्न : दुकानात गेलं की भान हरपतं आणि घरी आल्यावर अस्तर नेमकं अर्धा वार कमी पडतं. ६० बाय ८० इंची क्विल्टला किती कापड लागेल?

उत्तर : वरच्या भागाचं माप नमुन्यावर ठरतं, पण अस्तर, भराव आणि कडेची पट्टी यांचा हिशेब ठरलेला असतो. तो कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा.

ताग्याची रुंदी ४२ ते ४४ इंच सांगतात. किनार काढून हाती ४० ते ४१ च येतात, आणि तुमचा अर्धा वार तिथेच जातो. अस्तर चारही बाजूंनी ४ इंच मोठं हवं, म्हणजे ६८ बाय ८८. त्यासाठी ८८ इंचांचे दोन तुकडे उभे जोडायचे. ते १७६ इंच होतात, म्हणून ५ वार घ्या. दुकानात १०८ इंच पन्ह्याचं अस्तर असेल तर २ वारांत भागतं आणि मधली शिवणही वाचते. दर वारी भाव जास्त दिसला तरी एकूण हिशेब करून बघा.

कडेच्या पट्टीसाठी चारी बाजूंची बेरीज २८०, कोपरे आणि जोड यांचे १२, म्हणजे २९२ इंच. अडीच इंची आठ पट्ट्या, म्हणजे २० इंच कापड. तिरकं कापलं जातंच, त्यामुळे पाऊण वार मागा. भरावासाठी ७२ बाय ९० चं ट्विन (एका माणसाच्या पलंगाच्या मापाचं) पाकीट पुरतं.

फॅट क्वार्टर म्हणजे १८ बाय २२ इंचांचा तुकडा. साधा पाव वार ९ इंच उंच आणि ताग्याइतका रुंद असतो. क्षेत्रफळ सारखंच, पण मोठ्या फुलांचं कापड ९ इंचांत अर्धंच मावतं. अडीच इंची पट्ट्यांच्या तयार गुंडाळ्या आणि पाच इंची चौकोनांचे गठ्ठे शिवण्याआधी धुऊ नका, कडा उसवून माप बिघडतं. ताग्याचं लाल आणि गडद निळं कापड मात्र धुऊनच वापरा.

प्रश्न : सासूबाईंनी जुन्या सुती साड्या बॅग भरून आणल्या आहेत. एखाद्या क्विल्टच्या दुकानात देऊन मोठ्या मशिनवर त्यांची गोधडी करून मिळेल का?

उत्तर : मिळेल, पण आमचं स्पष्ट मत आहे की जुन्या साड्यांची गोधडी हातानेच शिवावी.

मोठ्या मशिनवर कापड रुळांना ताणून बसवतात. नवं क्विल्टचं कापड तो ताण सोसतं. वीस वर्षं नेसलेली साडी घडीच्या रेषेवर आणि निऱ्यांच्या जागी विरलेली असते, आणि नेमकी तिथे फाटते. शिवाय साडीचे काठ दाट विणीचे. ते अंगापेक्षा वेगळे आटतात आणि पहिल्या धुण्यात चुण्या पडतात.

मशिनच हवं असेल तर साड्या दोनदा धुऊन घ्या. उजेडासमोर धरा, जिथून बोटं दिसतात तो भाग काढून टाका. उरलेल्याच्या मागे हलकं चिकट अस्तर इस्त्रीने बसवा आणि मगच साडेसहा इंची चौकोन कापा. आधी कापून मग चिकटवलं तर चौकोन वाकडे होतात. साडीत टेरिकॉट किंवा नायलॉन मिसळलेलं असेल तर इस्त्री कोपऱ्यावर आधी लावून बघा. दुकानात दोन-तीन इंचांवर मोकळ्या रेषांची शिलाई मागा. दाट वेलबुट्टीने मऊ साडी पुठ्ठ्यासारखी होते.

आणि हाताने करायची, तर एवढी माणसं एका छपराखाली पुन्हा कधी मिळणार? गोधडी घालण्यातलं अवघड काम म्हणजे थर पसरून कच्चा दोरा घालणं, आणि त्याला जागा आणि हात दोन्ही लागतात. मुक्कामाच्या केबिनमधलं टेबल हलवून सात बाय आठ फूट जमीन मोकळी करा, पुसा. सगळ्यात खालची साडी उलटी पसरा आणि कडा रंगकामाच्या निळ्या टेपने जमिनीला चिकटवा. ताठ हवी, ताणलेली नको. ताणलीत तर टेप काढल्यावर आखडते आणि वरचे थर फुगतात. त्यावर मधल्या साड्या, सर्वांत वर चांगली. दर थर तळहाताने मधून कडेकडे सपाट करा. कच्चा दोराही मधूनच सुरू करून बाहेर न्या, ओळींत पाच-सहा इंच अंतर. चारी कडांनी सुरुवात केली तर चुणी मध्यात अडकते आणि तिला बाहेर पडायला वाट राहत नाही. चौघी चार दिशांना बसल्या तर दीड-दोन तासांत होतं. मग घडी घालून घरी न्या, धावदोरा सावकाश घाला. मधले थर तीनपेक्षा जास्त झाले तर सुई जाईना होते.

प्रश्न : तयार क्विल्ट घ्यायचं आहे. हाताचं की मशिनचं, हे कसं ओळखावं?

उत्तर : उलटं करून बघा. हाताच्या धावदोऱ्यात टाका-मोकळी जागा-टाका असं दिसतं, मशिनची रेघ अखंड असते. चांगल्या हातशिलाईत इंचाला आठ-दहा टाके येतात, मागच्या बाजूलाही जवळपास तेवढेच. कोपरे दुमडून चौकोनी आहेत का, पेन्सिलीच्या खुणा राहिल्यात का, तेही तपासा. मोठ्या पलंगाचं पूर्ण हातशिलाईचं क्विल्ट हजार डॉलरांच्या वर जातं आणि ते रास्त आहे. त्यात महिनोन्‌महिन्यांचं काम असतं. तेवढं बजेट नसेल तर भिंतीवरचं लहान क्विल्ट घ्या. भाव पाडायला मात्र जाऊ नका.

प्रश्न : हॉकिंग हिल्समध्ये सत्तरीच्या बाईंना आणि पाच वर्षांच्या मुलाला काय झेपेल?

उत्तर : ॲश केव्ह. पार्किंगपासून पाव मैलाची फरसबंद सपाट वाट थेट गुहेपर्यंत जाते, चाकांची खुर्चीही जाते. गुहेची कमान ७०० फूट रुंद आहे, आवाज घुमतो, मुलं हरखतात. जुलैअखेर पाऊस नसेल तर तिथला धबधबा दोरीएवढा होतो, हे मुलांना आधीच सांगा. ओल्ड मॅन्स केव्हला दगडी पायऱ्या पुष्कळ आणि ओल्या असतात. गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच परतावं, बाकीच्यांनी आठच्या आत पोहोचावं, रविवारी उशिरा पार्किंग मिळत नाही. प्रवेश फुकट. फोनला रेंज बेताची, म्हणून नकाशे आधी उतरवून ठेवा आणि चुकामूक झाली तर कुठे थांबायचं ते ठरवा. पाण्यात उतरायला मनाई आहे. वाट सोडू नका. कडे निसरडे आहेत, आणि झाडीत गोचीड असतात. संध्याकाळी मुलांचे कान, काखा आणि गुडघ्यांमागचा भाग बघा.

शिकागोकरांनी सोमवारी परतताना वाट वाकडी करायची तयारी असेल, तर दक्षिणेला ॲडम्स काउंटीत धान्याच्या कोठारांवर रंगवलेले आठ बाय आठ फुटांचे क्विल्टचे चौकोन आहेत. डॉना सू ग्रोव्हज यांनी आपल्या क्विल्ट शिवणाऱ्या आईच्या सन्मानार्थ २००१ मध्ये ही कल्पना तिथे सुरू केली आणि आज देशभर असे चौकोन दिसतात. ते पाहायला गाडीतून उतरावंही लागत नाही.

प्रश्न : बावीस माणसांचं जेवण केबिनमध्ये कसं जमवावं?

उत्तर : एक वेळ मसालेभात. माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, म्हणजे सव्वादोन किलो. तो दोन पातेल्यांत करा. केबिनच्या विजेच्या शेगडीवर एकाच मोठ्या पातेल्याचा तळ करपतो आणि वरचा भात कच्चा राहतो. बाहेर न्यायचं असेल तर शिजलेलं अन्न दोन तासांत संपवा. पारा ९० फॅरनहाइटच्या वर असेल तर एका तासात. दहीभात आणि कोशिंबीर बर्फाच्या पेटीतच ठेवा. कापडाच्या पिशव्या त्या पेटीशेजारी ठेवू नका, पाणी झिरपून डाग पडतात. घेतलेलं कापड गाडीच्या मागच्या काचेशीही नको. दुपारच्या उन्हात घडीच्या रेषेवर रंग उडतो.